गोया: बर्लिन गाजवलेल्या मुलीला साधं नामांकनही नाही?

रिकामी_खुर्ची: '२०,००० स्पीशीज ऑफ बीज'साठी बालकलाकार सोफिया ओतेरोला २०२३मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात प्रमुख भूमिकेचा सिल्व्हर बेअर पुरस्कार मिळाला. पुढच्या गोयात, म्हणजे स्पेनच्या चित्रपट पुरस्कारांत, याच चित्रपटाला १५ नामांकनं, पण तिचं नाव कुठेच नाही. नवोदित अभिनेत्रीचा वेगळा गट असूनही? आणि 'द अदर्स' तर इंग्रजीत, तरी तो गोयात सर्वोत्कृष्ट चित्रपट कसा ठरला?

फिरता_पडदा: वय आडवं आलं. अभिनयाच्या कुठल्याच गटात, अगदी नवोदितांच्याही, १६ वर्षांखालच्या मुलांना उमेदवारी मिळत नाही. २०११मध्ये 'पा नेग्रे'साठी फ्रान्सेस्क कोलोमेर आणि मारिना कोमास ही मुलं नवोदित गटांत जिंकली होती. नियम त्यानंतर आला. त्यामुळे मतदारांनी सोफियाला डावललं म्हणणं चुकीचं. चित्रपटाला मात्र नवोदित दिग्दर्शन, मूळ पटकथा आणि सहाय्यक अभिनेत्री असे तीन गोया मिळाले.

भाषेची अट नाहीच. निर्मितीत स्पेनचा वाटा लागतो. 'द अदर्स' आणि २०१८चा विजेता 'द बुकशॉप' इंग्रजीत, 'पा नेग्रे' स्पेनमधल्याच कातालान भाषेत. उलट स्पेनचा काहीच वाटा नसलेला मेक्सिकन चित्रपट स्पॅनिशमध्ये असला तरी इबेरो-अमेरिकन गटातच, म्हणजे लॅटिन अमेरिका वगैरे बाहेरच्या देशांच्या चित्रपटांच्या गटातच जातो.

रिकामी_खुर्ची: समजलं. मग २०२५ला दोन सर्वोत्कृष्ट चित्रपट? परीक्षकांचं एकमत झालं नाही का?

तिसरी_घंटा: परीक्षक मंडळ नसतंच. स्पॅनिश चित्रपट अकादमीचे सदस्य गुप्त मतदान करतात. ग्रानादाच्या सोहळ्यात 'एल ४७' आणि 'ला इन्फिल्त्रादा' यांना समान मतं पडली, म्हणून दोघांनाही पुरस्कार. या गटात असं पहिल्यांदाच झालं. बर्लिनशी मेळ बसत नाही तोही यामुळेच: तिथे मूठभर परीक्षक चर्चा करून ठरवतात. 'अल्कारास' या स्पॅनिश चित्रपटाला २०२२चं गोल्डन बेअर, म्हणजे बर्लिनचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पण गोयात ११ नामांकनं आणि एकही पुरस्कार नाही! मला तो निकाल अजून पटलेला नाही.

याद्या जुळवताना वर्ष सांभाळा. गोया २०२४ म्हणजे मुख्यतः २०२३चे चित्रपट. इथेच निम्मे घोळ होतात.

फिरता_पडदा: थेट बघणार असाल तर एक. अलीकडचे सोहळे स्पेनमध्ये शनिवारी रात्री दहाला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे अडीच. सर्वोत्कृष्ट चित्रपट अगदी शेवटी जाहीर होतो, आणि सोहळा तीन तासांच्या वर चालतो. तेवढ्यासाठीच उठायचं असेल तर साडेपाचचा गजर पुरे.