‘उजनी म्हणजे आपलं चिल्काच’ म्हणणाऱ्यांनी आधी सातपड्याची फेरीबोट पकडावी

समोरचा_वारा:
काल आपल्या सोलापूरच्या सायकल ग्रुपवर उजनी धरणाच्या बॅकवॉटरचा एक फोटो आला. चिखलात उभी सायकल, मागे रोहित पक्षी, खाली मजकूर: "चिल्काला जायला पैसे घालवू नका, उजनी म्हणजे आपलं चिल्काच. रस्ता तसाच, पक्षी तेच." लोकांनी बदामांचा पाऊस पाडला. एकानेही विचारलं नाही, की बाबा, तू चिल्का बघितलंयस का?

मी बघितलंय ओडिशातलं ते समुद्रालगतचं सरोवर, मागच्या डिसेंबरात. कोणार्क एक्स्प्रेस सोलापुरातूनच जाते. रंभा ते बालुगाव खिडकीतून पाणीच पाणी. खुर्दा रोडला उतरलो, पुरी गाठली. पुरी ते चिल्काकाठचं सातपडा साधारण ५० किलोमीटर, चढ म्हणून नाही. हिवाळ्यात वारा ईशान्येचा, म्हणजे जाताना पाठीवर हात ठेवून कुणी ढकलावं तसं. त्याच रस्त्याने परत फिरायचा विचार मात्र करू नका, माझ्या पोटऱ्यांना विचारा. सातपड्याला सायकल फेरीबोटीत घालायची, जान्हीकुड्याला उतरायचं, मालुद-पालूर करत रंभाला यायचं. फेरीत माझ्या शेजारी मासळीच्या पाट्या, एक शेळी आणि एक नवरदेव. दोन दिवसांत चेन तांबूस झाली, हवेतच मीठ. उजनीला चेन गंजली तर ती तुम्ही पुसली नाही म्हणून.

आणि मुद्दा फक्त देखाव्याचा नाही. चिल्का समुद्राला जोडलेलं आहे, समुद्राचं पाणी आत येतं त्या मुखावर ते जगतं. वाळूने मुख बुजत गेलं तसा खारेपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. १९८१ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेलेलं हे सरोवर १९९३ ला धोक्यातल्या यादीत गेलं. २००० साली नवं मुख खोदलं तेव्हा जीव आला, २००२ ला त्या यादीतून बाहेर. तिथे इरावडी डॉल्फिन आहेत. उजनीत डॉल्फिन दाखवा, सायकल विकून पार्टी देतो.

घाटचुकवे:
फोटो माझा आहे. एवढं लांबलचक लिहायला तुम्हाला वेळ मिळाला, आम्हाला दीड दिवस रेल्वेत बसायला मिळत नाही एवढाच फरक. दुकान रविवारी अर्धा दिवस बंद असतं माझं. पहाटे ३ ला निघतो, मोहोळ, टेंभुर्णी, तिथून कंदरच्या केळीच्या बागा, मग जेऊर, केत्तूर. उजाडता उजाडता मोहोळच्या पुढं असतो. परत येताना सायकल टेम्पोत. ‘म्हणजे’ हा शब्द धरून बसायचं असेल तर मग पंढरपूर म्हणजे भूवैकुंठ म्हणणाऱ्यांनापण नोटीस काढा.

समोरचा_वारा:
टेम्पोत घालून आणता त्याला राइड म्हणतात होय. बरं.

घाटचुकवे:
आणि कोणार्कमध्ये तुम्ही सायकल चालवत गेलात वाटतं?

नळाची_वाट:
उजनीत एवढं पाणी आहे हे वाचून लई आनंद झाला बे. आमच्या गल्लीत पाणी पाच दिवसांनी येतं. मागच्या खेपेला रात्री अडीचला आलं. बायको आणि मी घागरी, बादल्या, प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवला. आमचे चुलते पुण्यात असतात, फोन करून विचारतात, "काय, सायकल चालवतोस का?" म्हटलं काका, नळ येईल त्या दिवशी घर सोडता येत नाही, नळ येत नाही त्या दिवशी घामाचे कपडे धुता येत नाहीत. सांगा कधी चालवू.

समोरचा_वारा:
मित्रा, त्रास खरा आहे, पण धागा रस्त्यांचा आहे. हायवेवर टेंभुर्णीच्या पुढे ऊसाच्या डबल ट्रॉल्यांबद्दल बोला. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर.

नळाची_वाट:
ऊसच म्हणतोय मी! पाणी कुठं जातं मग? ऊसाला. आधी आवर्तन, म्हणजे शेतीला सोडायचं पाणी, मग पुन्हा आवर्तन, मग आम्ही. आमच्यासाठी सोडतात ते नदीतून, शहराला पाणी उचलतात त्या औज बंधाऱ्यापर्यंत येता येता निम्मं वाळूत आणि मोटारीत.

पाणटिवळा_ताई:
दोघांनाही थोडं थांबवते. मी बावीस वर्षं पक्षी बघतेय, हिप्परग्यापासून भिगवणपर्यंत. ‘पक्षी तेच’ हे अगदी चूक नाही. रोहित, पट्टकदंब दोन्हीकडे येतात. पण कारण वेगळं. चिल्काचा श्वास भरती-ओहोटीवर चालतो, उजनीचा आवर्तनावर. धरण काठोकाठ असतं तेव्हा रोहितला उभं राहायला जागा नसते. त्याला घोटाभर पाणी आणि खाली गाळ लागतो. पाणी सोडत गेलं की काठ उघडा पडतो, आणि मग जानेवारी ते मार्च तुमचे ते फोटो. म्हणजे ज्या उतरत्या पातळीला आपण शिव्या घालतो तिच्यावरच ते जेवतात.

नळाची_वाट:
म्हणजे आम्ही तहानलो की पक्षी खूश. छान. ताई, पुढच्या जन्मी रोहित होतो.

पाणटिवळा_ताई:
असं मी म्हटलेलं नाही. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. बातमीत धरण ‘उणे’ गेलं म्हणतात, म्हणजे तळ कोरडा नव्हे, मृतसाठ्याला हात लागला. एवढंच सांगत होते. चिडायचं असेल तर खुशाल चिडा.

नळाची_वाट:
मृतसाठा हा शब्दच बघा. आमच्यावर बेतलाय.

काठावरचा:
मी करमाळा तालुक्यातला. सायकलवाला नाही, मेव्हण्याने हा धागा पाठवला म्हणून लिहितोय.

तुम्ही ज्याला पाणथळ म्हणता ती आमची काळी जमीन. धरण १९८० ला पुरं झालं, त्याआधीच आमच्या आज्याने बैलगाडीत वाड्याची सागवानी चौकट घालून वर आणली. ती चौकट अजून आमच्या पत्र्याच्या घराला आहे. दार मोठं, घर बुटकं. नवा माणूस आला की हसतो. दुष्काळात पाणी पार खाली गेलं की जुन्या घराचं जोतं उघडं पडतं, वडील तिथं जाऊन बसायचे. धरणात बुडालेलं पळसदेवाचं देऊळ वर आलं की लोक गाड्या घेऊन बघायला जातात, आमचं जोतं बघायला कोण येणार.

आता फोटोचं. पाणी उतरलं की आम्ही त्या ओल्या गाळात गाळपेर करतो. त्या फोटोत सायकलच्या मागं जी हिरवी पट्टी दिसतीय ती मका आहे. चाकाचा माग सरळ त्यातून गेलाय. चिल्का हाय का उजनी ते तुम्ही ठरवा, मका माझ्या चुलतभावाची आहे.

घाटचुकवे:
मला ते गवत वाटलं.

काठावरचा:
गवताला सरी असते का ओ?

घाटचुकवे:
साहेब, चुकलं. खरंच चुकलं. पण बांधावर एक पाटी तरी लावा, आम्हा शहरातल्यांना काय कळतंय.

काठावरचा:
पाण्यात जायची जमीन ती. दरवर्षी पाटी लावायची आणि दरवर्षी बुडवायची का?

समोरचा_वारा:
हे मात्र चिल्कालाही बघितलं. कोळंबीसाठी पाण्यात जाळ्यांची कुंपणं घालतात, घेरी म्हणतात. पिढीजात कोळी काठावर बसून बघतो. कोर्टाने १९९६ साली तोडायला सांगितलं तरी तो वाद काही संपला नाही. पर्यटक बोटीतून डॉल्फिन शोधतो, घेरीकडे बघत नाही. मीही तिसऱ्या दिवशी विचारलं, ते काय आहे म्हणून.

पाणटिवळा_ताई:
म्हणजे दोन्हीत साम्य आहे म्हणायचं.

समोरचा_वारा:
एवढ्यापुरतं. डॉल्फिनची अट कायम आहे.

घाटचुकवे:
लिहून ठेवतो. तारीख आणि वेळेसह.

कडक_भाकरी:
बाकी सोडा. जेऊर ते केत्तूर रस्त्याला २५ मिमीचा टायर चालेल का ३२ चा रुंद घालू? दोनदा विचारलंय, ग्रुपवर पण विचारलं.

समोरचा_वारा:
सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली की जानेवारीच्या शेवटी येतो मी. एकदाच. चिखलात उतरणार नाही, डांबरावरून बघणार, आणि परत येतानाही चालवतच. काठावरचे भाऊ, रस्ता तुम्ही सांगा. शेंगाचटणी आमच्याकडून.

काठावरचा:
या की. धरणाच्या बाजूने येऊ नका, त्या वेळी कारखाने चालू असतात, वाहनं फार. चहा-जेवण आमच्याकडं, चिलापी खात असाल तर बाकीचं सोडा, आता जाळ्यात तीच येते. फक्त पाण्याच्या बाटल्या घरून भरून आणा. सगळं पुण्या-पिंपरीचं वाहून येतं, उन्हाळ्यात हिरवा तवंग असतो. बॅकवॉटरचं पाणी आम्ही पीत नाही, जार आणतो.

नळाची_वाट:
आणि आम्ही बाटल्या कशाने भरणार? आमच्या नळाला तेच येतं बे. पाच दिवसांनी.