बस काढली, मेट्रो माळावर नेली, आणि कर रामबागेनं भरायचा?

रामबागवाली:
आजच संपत्तिकर भरून आले, डोकं तापलेलं आहे, तेव्हा भाषा तिखट वाटली तर सांभाळून घ्या.

2013 मध्ये आपल्या इंदूरच्या एबी रोडवर बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्गाची व्यवस्था, सुरू झाली. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, साडेअकरा किलोमीटर, मधल्या दोन लेन फक्त बसच्या. फेब्रुवारी 2025 मध्ये हायकोर्टानं ती काढायला परवानगी दिली आणि लगेच रेलिंग तोडायला सुरुवात झाली. तीन महिन्यांनी, 31 मे रोजी, मेट्रो धावली. कुठे? गांधी नगर ते सुपर कॉरिडॉर, म्हणजे शहराच्या कडेचा मोकळा पट्टा, पाच स्टेशनं, जेमतेम सहा किलोमीटर. पहिला आठवडा फुकट होता तोवर लोक पोराबाळांना घेऊन फेरी मारून आले. तिकीट लागलं आणि डबे ओस पडले.

माझं म्हणणं एवढंच की मेट्रोनं ज्याच्या जमिनीचा भाव चढवला, त्याच्याकडून खर्च वसूल करा. आमच्या रामबागेच्या जुन्या गल्लीत मेट्रोचा आवाजसुद्धा येत नाही.

गीताभवन दुकानदार:
ताई, मेट्रोचं काय ते बोला, पण बीआरटीएससाठी अश्रू नकोत. मधली लेन मोकळी आणि दोन्ही बाजूंना कार, स्कूटर, ई-रिक्षा एकमेकांच्या अंगावर. गिऱ्हाईक दुकानासमोर थांबूच शकत नव्हतं. दिल्लीनं 2016 मध्ये उखडली, भोपाळनं 2024 मध्ये. सगळेच वेडे का?

भवरकुव्याची भाडेकरू:
काका, लेन मोकळी दिसायची कारण बस निघून गेलेली असायची! अडकून उभी राहिली असती तर भरलेली दिसली असती. अँब्युलन्ससुद्धा त्याच लेनमधून जायच्या, ते विसरलात.

माझी खोली भवरकुव्याला, नोकरी विजय नगरला. पूर्वी घरातून किती वाजता निघायचं ते ठरलेलं होतं. आता नवलखा, पलासिया, एलआयजी, प्रत्येक चौकात बस तुमच्या गिऱ्हाइकांच्या कारमागे उभी. मग उरतं काय? एकतर स्कूटरचा हप्ता, नाहीतर विजय नगरमध्ये खोली, जिथलं भाडं मला झेपत नाही. बससेवा बिघडली की खोलीचं भाडं वाढतं, हे कुणी हिशेबात धरतच नाही.

गीताभवन दुकानदार:
स्कूटर घ्या मग. अख्खं इंदूर स्कूटरवर आहे.

भवरकुव्याची भाडेकरू:
म्हणूनच तर तुमच्या दुकानासमोर जागा नाही!

कॉरिडॉरचा प्लॉटवाला:
मूळ मुद्द्यावर येतो, कारण तो माझ्यावरच आहे. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा सुपर कॉरिडॉरच्या बाजूला प्लॉट घेतला. लोक आम्हाला सट्टेबाज समजतात. भाव वाढला तो कागदावर, विकेपर्यंत माझ्या हातात दमडी नाही. ज्या दिवशी रजिस्ट्री होईल त्या दिवशी वाढलेल्या गाइडलाइनवर, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरावर, स्टॅम्प ड्यूटी भरलीच जाईल. म्हणजे वाढलेल्या भावावर सरकारचा हात पडतोच. वर आणखी मेट्रोचा कर म्हणजे एकाच उसाचा दोनदा रस.

आणि मेट्रो माळावरून सुरू झाली याचं कारण साधं आहे, डेपो गांधी नगरला आहे. गाड्या जिथे उभ्या राहणार, धुतल्या जाणार, तिथूनच पहिला टप्पा निघणार. भर जुन्या शहरात, राजवाड्यापाशी डेपो बांधायचा होता का? टीसीएस आणि इन्फोसिसही कॉरिडॉरवरच आहेत. आधी वाट, मग वस्ती.

रामबागवाली:
डेपोचं पटलं, माझ्या लक्षात नव्हतं. स्टॅम्प ड्यूटीचं नाही पटलं. ती भरतो घेणारा, आणि तीही विक्री झाली तर. तुम्ही वीस वर्षं प्लॉटवर बाभळी वाढवल्यात तर? मोकळ्या जमिनीवर कर बांधलेल्या घरापेक्षा हलका, म्हणून घर बांधण्यापेक्षा वाट बघणं परवडतं. वस्ती येत नाही ती यामुळेच, आणि मग मेट्रो रिकामी पळते.

कॉरिडॉरच्या सरकारी स्कीममध्ये ज्यांच्या शेतजमिनी गेल्या त्यांना यातून वगळा, माझी हरकत नाही. पण काका, तुम्ही शेतकरी नाही.

हिशोबी काका:
ताई, एक गोष्ट लिहायची राहिली. स्वतः राहत असलेल्या घराला आपल्याकडे संपत्तिकरात निम्मी सूट आहे. रामबाग तेवढी पिळली जात नाही.

रामबागवाली:
आहे ना सूट. पण जेवढा भाग भाड्यानं दिला तेवढ्याची जाते. शिवाय भाडेकरू निघेल की नाही ही धास्ती. म्हणून आमच्या जुन्या वाड्यांचे वरचे मजले कुलूपबंद आहेत. माझाही आहे, खोटं कशाला बोलू.

कॉरिडॉरचा प्लॉटवाला:
वा! म्हणजे माझा प्लॉट रिकामा तर पाप, तुमचा मजला रिकामा तर नाइलाज?

रामबागवाली:
लागलं. पण मी बाजारभावाची वाट बघत नाहीये, हा फरक आहेच. (थोडासा.)

गीताभवन दुकानदार:
भिया, आता रंगत आली.

भवरकुव्याची भाडेकरू:
ताई, तो मजला केवढा आहे?

रामबागवाली:
दोन खोल्या, संडास खाली. विजय नगरला मात्र बस बदलून जावं लागेल.