डॉकर कंपोजमध्ये जँगो, पोस्टग्रेस आणि व्हीट: तीन ठिकाणी अडलंय

प्रश्न

जँगोचं (पायथनची वेब फ्रेमवर्क) बॅकएंड, रिअ‍ॅक्ट-व्हीटचं फ्रंटएंड (व्हीट म्हणजे त्याचा डेव्हलपमेंट सर्व्हर) आणि पोस्टग्रेस १६ डेटाबेस असे तीन कंटेनर डेव्हलपमेंटसाठी कंपोजमधून (अनेक कंटेनर एकत्र उठवणारं डॉकरचं साधन) चालवायचे आहेत. टीममध्ये दोघं उबुंटूवर, बाकीचे विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरतात. इमेज (कंटेनर ज्यातून बनतो तो साचा) विनातक्रार बिल्ड होतात, पण पुढे:

१. रिपो नव्याने क्लोन करून सगळं उठवलं की जँगो ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणून बंद पडतो. तीच कमांड पुन्हा दिली की चालतो. डिपेंड्स-ऑनमध्ये (कोण कोणावर अवलंबून ते सांगणारी नोंद) डीबी, म्हणजे पोस्टग्रेसचा कंटेनर, आहे, सेटिंग्जमध्ये होस्टही ‘डीबी’च आहे.
२. फ्रंटएंडचा कंटेनर ‘व्हीट सापडलं नाही’ म्हणतो. बिल्ड होताना एनपीएमने (जावास्क्रिप्टची पॅकेजेस आणणारं साधन) सगळी पॅकेजेस घेतलेली स्पष्ट दिसतात.
३. विंडोजवर फाइल सेव्ह केल्यावर पान आपोआप बदलत नाही, उबुंटूवर बदलतं. विंडोजवाल्यांचा कोड सी ड्राइव्हवर आहे.

प्रतिसाद १

पहिल्याबद्दल. डिपेंड्स-ऑनमध्ये नुसतं नाव दिलं तर कंपोज फक्त क्रम पाळतं. डीबीचा कंटेनर सुरू झाला की लगेच जँगोचा सुरू होतो; आतलं पोस्टग्रेस जोडणी घ्यायला तयार आहे का, हे बघितलं जात नाही. पहिल्या वेळी व्हॉल्यूम (कंटेनर गेला तरी टिकणारी डेटाची जागा) रिकामा असतो. मग इनिट-डीबी (डेटाबेसची पहिली मांडणी) चालतं, एक तात्पुरता सर्व्हर उठतो, त्यावर युजर आणि डेटाबेस तयार होतात, तो बंद होतो आणि मग खरा सर्व्हर येतो. दुसऱ्या वेळी यातलं काहीच करावं लागत नाही, म्हणून तुमचं निभावतं.

डीबीला हेल्थचेक (ठरावीक वेळाने चालणारी तपासणी) द्या आणि जँगोच्या डिपेंड्स-ऑनमध्ये ‘सर्व्हिस-हेल्दी’ ही कंडिशन लिहा. तपासायला पीजी-इझरेडी (पोस्टग्रेस तयार आहे का ते विचारणारी कमांड) वापरा, पण त्याला होस्ट १२७.०.०.१ असा मुद्दाम सांगा. बऱ्याच नमुना फाइलींत हे नसतं आणि तिथेच फसगत होते. तो तात्पुरता सर्व्हर फक्त युनिक्स सॉकेटवर (कंटेनरच्या आतल्या आत, नेटवर्कशिवायची वाट) ऐकतो. होस्ट दिला नाही तर पीजी-इझरेडीसुद्धा सॉकेटवरच विचारतं आणि ‘तयार आहे’ असं उत्तर घेऊन येतं. जँगो मात्र टीसीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, येतो आणि आपटतो. युजरचं नावही द्या, नाहीतर लॉगमध्ये ‘रूट नावाचा रोल नाही’ ही ओळ सतत पडत राहते.

हेल्थचेकचे आकडे: इंटरव्हल ५ सेकंद, टाइमआउट ३, रिट्राइज १०, स्टार्ट पीरियड ३० सेकंद. स्टार्ट पीरियडमधले अपयशी प्रयत्न रिट्राइजमध्ये मोजले जात नाहीत. एंट्रीपॉइंटमध्ये (कंटेनर सुरू होताना चालणारी स्क्रिप्ट) ‘स्लीप १०’ टाकू नका. संथ लॅपटॉपला ते पुरत नाही आणि वेगवान लॅपटॉपवर रोज फुकट जातं.

प्रतिसाद २

दुसऱ्याचं कारण तुमचा बाइंड माउंट (तुमच्या मशीनवरचं फोल्डर कंटेनरमध्ये जोडणं). फ्रंटएंडचं फोल्डर कंटेनरमधल्या अ‍ॅप फोल्डरवर चढवलं की इमेजमधलं तिथलं सगळं झाकलं जातं, नोड-मॉड्यूल्ससकट (एनपीएमची पॅकेजेस तिथेच असतात). नव्या क्लोनमध्ये ते फोल्डर नसतंच, मग व्हीट सापडणार कुठून?

अ‍ॅपच्या आतल्या नोड-मॉड्यूल्सवर वेगळा नेम्ड व्हॉल्यूम लावा. रिकामा नेम्ड व्हॉल्यूम पहिल्यांदा लागतो तेव्हा डॉकर इमेजमधला मजकूर त्यात उतरवतं. फक्त पहिल्यांदाच! म्हणून उद्या नवं पॅकेज आलं आणि इमेज पुन्हा बिल्ड केली तरी व्हॉल्यूममध्ये जुनंच राहील. अशा वेळी चालू कंटेनरमध्ये ‘एनपीएम सीआय’ (पॅकेजेस नव्याने घेणारी कमांड) चालवा. होस्टवरचं (तुमच्या मशीनवरचं) नोड-मॉड्यूल्स आत वापरायचा मोह टाळा: ईएसबिल्डसारख्या पॅकेजेसची बायनरी त्या त्या प्लॅटफॉर्मची असते. नोड-मॉड्यूल्स डॉकर-इग्नोरमध्येही (बिल्डमधून वगळायच्या गोष्टींची यादी) हवं.

कंटेनर नोड युजरने चालवत असाल तर ते फोल्डर इमेजमध्येच त्या युजरच्या मालकीचं करा, कारण व्हॉल्यूममध्ये मालकीही तशीच उतरते. नाहीतर परवानगीची एरर येईल.

व्हीट मुळात फक्त लोकलहोस्टवर ऐकतं, आणि कंटेनरमधला लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. त्याला होस्ट ०.०.०.० द्या, तरच ५१७३ पोर्ट बाहेरून उघडेल.

प्रतिसाद ३

तिसरं: कोड सी ड्राइव्हवरून हलवा. डब्ल्यूएसएलमध्ये सी ड्राइव्ह ज्या मार्गाने दिसतो, त्यावरून फाइल बदलल्याची आय-नोटिफाय सूचना आतपर्यंत पोचत नाही आणि व्हीट तिचीच वाट बघत असतं. डब्ल्यूएसएलच्या होम फोल्डरमध्ये क्लोन करा. वाचन-लेखनाचा वेगही तिथे कितीतरी चांगला मिळतो. अगदीच हलवता येत नसेल तर व्हीटच्या वॉच सेटिंगमध्ये यूज-पोलिंग चालू करा, पण सीपीयूवर ताण येईल.

विंडोजवर गिट ओळींची शेवटं सीआरएलएफ (विंडोजची पद्धत) करत असेल तर एंट्रीपॉइंट स्क्रिप्ट समोर असूनही ‘अशी फाइल नाही’ असं येतं. गिट-अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये शेल फाइलींना एलएफ (लिनक्सची पद्धत) सक्तीचं करा.

उबुंटूवाल्यांनी जँगोच्या सर्व्हिसला स्वतःचा यूआयडी-जीआयडी (युजर आणि ग्रुपचा क्रमांक) द्यावा, बहुधा १०००. नाहीतर मेक-मायग्रेशन्स या जँगोच्या कमांडमधून येणाऱ्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि एडिटरमधून सेव्ह होत नाहीत.

प्रश्नकर्ता

तिन्ही सुटले, मनापासून आभार. पण एन्व्ह फाइलमध्ये (व्हेरिएबल्स ठेवायची फाइल) पोस्टग्रेसचा पासवर्ड बदलल्यापासून ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ येतंय. कंटेनर पाडून पुन्हा उठवला तरी तेच.

प्रतिसाद १

पोस्टग्रेस-पासवर्ड हे व्हेरिएबल डेटा फोल्डर रिकामं असतानाच वाचलं जातं. तुमच्या व्हॉल्यूममध्ये जुना पासवर्ड बसलेला आहे. डेटा ठेवायचा असेल तर डीबीच्या कंटेनरमध्ये जाऊन पी-एसक्यूएलने (पोस्टग्रेसला कमांड द्यायचं साधन) ‘ऑल्टर युजर’ करून पासवर्ड बदला. आतून सॉकेटवर पासवर्ड विचारला जात नाही. डेटा नको असेल तर ‘डॉकर कंपोज डाउन -व्ही’, पण त्याने या प्रोजेक्टचे नोड-मॉड्यूल्ससकट सगळे व्हॉल्यूम जातील. आधी पीजी-डंप (डेटाबेसची प्रत) घेऊन ठेवा.