वीकेंड निवांत म्हणून सुरू होतो आणि सोमवारी मीच दमलेला असतो, काय चुकतंय?

रफमधला_बॉल:
मंडळी जरा सांगा. ठरवताना माझा वीकेंड एकदम मस्त असतो, शनिवारी सकाळी गोल्फ, संध्याकाळी मित्र, रविवारी सकाळी चर्च आणि दुपारी सोफ्यावर पडून मॅच. ऐकायला किती निवांत ना! पण चौघांचा १८ होलचा राउंड म्हणजे चार सव्वाचार तास, पुढचा ग्रुप रेंगाळला तर पाच, मग घरी येऊन पाठ टेकतोय तोवर मित्रांचे फोन, रात्री गप्पा लांबतात आणि रविवारी परत अलार्म. गेल्या रविवारी तर कहर झाला. अर्पणाची थाळी समोर आली, नोट काढायला शर्टाच्या खिशात हात घातला आणि हातात आली गोल्फची टी, बॉल ठेवायची ती छोटी खुंटी. बायकोने बघितलं. शेजारच्या काकूंनी पण बघितलं. दुपारी मॅच लावली आणि दहाव्या मिनिटाला घोरायला लागलो, उठलो तेव्हा बक्षीस समारंभ चालू होता. तुम्ही कसं बसवता हे सगळं? मला यातलं काही सोडायचं नाहीये, आधीच सांगतो.

नऊच_बास:
९ होल खेळ की रे. १८ हा आकडा काय आकाशातून पडलेला नाही, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या जुन्या कोर्सवर आधी राउंड २२ होलचा असायचा, १७६४ मध्ये सुरुवातीचे काही होल जोडून टाकले तेव्हा १८ झाले आणि पुढे सगळ्यांनी तेच उचललं. हँडिकॅपला (आपल्या खेळाच्या पातळीनुसार मिळणारी शॉटची सवलत) ९ होलचा स्कोरही चालतो. आणि मित्रांबरोबर खेळताना प्रत्येक शॉट मोजत बसू नका, स्टेबलफर्ड म्हणजे पॉइंटवर खेळा, होलला ठरलेल्या शॉटमध्ये म्हणजे पारला २ पॉइंट, एक शॉट जास्त म्हणजे बोगीला १, एक कमी म्हणजे बर्डीला ३, तुमच्या हँडिकॅपचे शॉट धरून डबल बोगी झाली की शून्य, बॉल उचला आणि चला पुढे. आमच्यातला एक जण आधी एकेका होलवर अकरा अकरा मारायचा आणि आम्ही तिघं पटर धरून राखणदारासारखे उभे. आता तो पण खूष, आम्ही पण.
अवांतर: बॉल शोधायला २०१९ पासून ३ मिनिटंच मिळतात, आधी ५ होती. तुमचा आयडी बघून सांगावंसं वाटलं, रफमधल्या उंच गवतात बॉल हरवतोच.

टीटाइम_सहा_दहा:
९ होलला ठाम विरोध! सातव्या आठव्याला कुठे हात बसायला लागतो आणि तेव्हाच घरी जायचं? पहाटेचा पहिला टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घ्या, पुढे कोणी नाही, गवतावर दव असतं आणि पटिंग ग्रीनवर आपल्याच पावलांचे ठसे दिसतात, ते सोडून मी झोपून राहणार नाही. फक्त मग रात्री जागायचं नाही. तुमचा प्रॉब्लेम गोल्फ नाही, गप्पा आहेत.

साधी_सोपी:
कॅथलिक असाल तर शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जा, रविवारचं कर्तव्य त्यात पूर्ण होतं, कॅनन लॉमध्येच म्हणजे चर्चच्या कायद्यातच तशी सोय आहे. आम्ही तेच करतो आणि मित्रमंडळी चर्चच्या दारातच भेटतात, वेगळं ठरवावं लागत नाही.

रफमधला_बॉल:
@साधी_सोपी, आम्ही प्रोटेस्टंट हो, आमच्याकडे उपासना रविवारी सकाळीच असते. पण मित्रांना चर्चनंतर भेटायची आयडिया भारी आहे, निम्मे तर तिथलेच आहेत.
@टीटाइम, गप्पांवर बोलायचं काम नाही!

अल्टो_ताई:
मी क्वायरमध्ये गाते त्यामुळे रविवारी उशीर चालतच नाही. 'काही सोडायचं नाही' हे वाचून हसू आलं. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या हीट म्हणजे प्राथमिक फेऱ्या रविवारी, देवाच्या दिवशी, आल्या म्हणून ती शर्यतच सोडली आणि ४०० मध्ये गोल्ड घेतलं, तुम्हाला साधी एक मॅच सोडवत नाही? सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्ससुद्धा मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी खेळायला बंद असतो, लोक तिथे कुत्री फिरवतात.
आमच्या घरी मॅच रेकॉर्ड करतो आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो, नाहीतर कुणीतरी 'काय सिक्स मारला शेवटच्या बॉलला' असा मेसेज टाकतोच. आणि झोपच काढायची असेल तर टीव्हीवर गोल्फ लावा, हळू आवाजातली कॉमेंट्री, हिरवंगार सगळं, मेजर म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी असली तरी माझे अहो तिसऱ्या होलला गार.

नऊच_बास:
+१ टीव्हीवरच्या गोल्फला. रविवारी फायनल राउंडला मी जागा राहतो ते फक्त शेवटचे तीन होल.

रफमधला_बॉल:
अपडेट देतो. शनिवारी ९ होल स्टेबलफर्ड, ११ पॉइंट, हसू नका. दुपारी दोन तास झोप. मित्र रविवारी चर्चनंतर भेटले आणि तिथूनच घरी आले, मॅच सगळ्यांनी मिळून शेवटपर्यंत बघितली. शर्ट पण आठवणीने धुतलेला घातला होता. थाळीत पँटच्या खिशातली नोट आणि वर एक नाणं टाकलं, एकदम ऐटीत. आज बॅग आवरताना बघतोय तर नाणं खिशातच आहे आणि बॉल मार्कर, ग्रीनवर बॉलची जागा खुणवायची ती नाण्यासारखी चकती, कुठेच सापडत नाहीये.
पास्टरांना फोन करावा का गप्प बसावं?