दिवसाला सहा बॅच : घसा, पोटऱ्या आणि जेवणाचं गणित कसं बसवायचं?

पहाटेची_बॅच

फिटनेस इन्स्ट्रक्टर म्हणून पूर्ण वेळ काम करते. दिवस असा : बोरीवलीत सकाळी ६ ला एरोबिक्स, ७ ला फंक्शनल, साडेआठला कांदिवलीत घरी जाऊन एक पर्सनल, साडेदहाला सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांची बॅच. संध्याकाळी दादरला साडेपाचला स्टेप (ठोकळ्यावर चढ-उताराचं एरोबिक्स) आणि सातला झुंबा. घरी पोचायला साडेनऊ. सोमवार ते शनिवार हेच.

अडचणी तीन. गुरुवार आला की आवाज बसतो. टाचेमागची शीर सकाळी उठल्यावर आखडलेली असते, दहा-पंधरा पावलं चालल्यावर सुटते. आणि वजन न ठरवता उतरतंय, स्वतःचा व्यायाम तर होतच नाही.

"थोडी विश्रांती घ्या" हे उत्तर कृपया नको. एकही बॅच सोडणं परवडणारं नाही. याच वेळापत्रकात काय बदलता येईल ते सांगा.

बत्तीस_काउंट

ताई, तिन्ही दुखण्यांचं मूळ एकच दिसतंय. तुम्ही दिवसातून सहा वेळा शिकवत नाही, सहा वेळा व्यायाम करताय आणि वर बोलताय. फी मिळते ती बघण्याची आणि दुरुस्त करण्याची.

हिशोब करून बघा. जंप स्क्वॉटचे १५ चे ३ सेट म्हणजे ४५ उड्या, सहा दिवसांच्या २७०, आणि हा एकच व्यायाम झाला. त्याऐवजी फक्त पहिल्या सेटला चार रेप (म्हणजे चार वेळा करून) दाखवून थांबलात तर आठवड्याच्या २४ होतात. दाखवताना बॅचकडे बाजू करून उभ्या राहा : दोन रेप हळू, म्हणजे कंबर मागे जाताना आणि गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेत जाताना दिसेल, मग दोन खऱ्या वेगात. आणि लगेच चालायला लागा. गुडघे आत पडतात ते समोरून दिसतं, पाठ गोल होते ती बाजूने. स्टेजवर एका जागी उभं राहून त्यातलं निम्मंच कळतं. फेरी मागच्या रांगेपासून सुरू करा, नवे लोक तिथेच लपलेले असतात. एका माणसाला एका वेळी एकच सूचना द्या. "टाच खाली, छाती वर, गुडघा बाहेर, श्वास सोडा" असं एका दमात सांगितलं तर तो चारही सोडून देतो आणि तुमचा घसा फुकट जातो.

आता आवाज. तो बोलण्याने कमी आणि गाण्याशी झुंजण्याने जास्त बसतो. मागे गोंगाट असला की माणूस नकळत वरच्या पट्टीत बोलतो, ठरवून थांबवता येत नाही. म्हणून आधी गाणं खाली. मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप टाका, अगदी अचूक नसलं तरी अंदाज येतो. कानांसाठी साधारण मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ ला एकच तास. तुमच्या तर तीन-चार बॅच गाण्यावर आहेत.

हेडसेट माईक घ्याच, जिम देत नसेल तर स्वतःचा. माईकचा दाणा तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला ठेवा. समोर असला की श्वासाचे फटके ऐकू येतात आणि "प", "भ" फुटतात. मग लोक "आवाज वाढवा" म्हणतात आणि तुम्ही माईक असूनही ओरडता.

एरोबिक्स आणि स्टेपला बोलणं निम्मं करता येतं. गाणं आठ-आठच्या चार ओळींत जातं, एकूण ३२ काउंट. पुढची स्टेप चौथ्या ओळीच्या शेवटच्या चार काउंटवर सांगून मोकळ्या व्हा, "फोर, थ्री, ग्रेपवाईन, राईट" एवढंच (ग्रेपवाईन म्हणजे पाय ओलांडत बाजूला जाणं). पहिल्या काउंटवर सांगितलं तर अर्धी बॅच उशिरा वळते, मग ओरडून सावरावं लागतं. उरलेलं हाताने : बोटांनी काउंट, तळवा फिरवून दिशा, डोक्यावर थाप म्हणजे पहिल्यापासून. आठवडाभरात बॅच शिकते. आणि धापा टाकत असताना वाक्यं बोलायचीच नाहीत. लांब सूचना पाणी प्यायच्या ब्रेकमध्ये.

घसा बसलेला असताना कुजबुजून शिकवू नका, त्यानेही ताण येतो. मेन्थॉलच्या गोळीने थंड वाटतं, दुखणं झाकतं आणि माणूस आणखी ओरडतो. खाकरण्याऐवजी घोटभर पाणी. घोगरेपणा तीन आठवड्यांच्या वर टिकला तर कान-नाक-घसावाल्याकडे जाऊन स्वरयंत्र बघून घ्या. सतत आवाज वापरणाऱ्यांना गाठी येतात आणि त्या लवकर सापडलेल्या बऱ्या.

जिन्याची_पायरी

वरचं बहुतेक मान्य, पण झुंबाला "चार रेप दाखवा आणि फिरा" चालत नाही. तिथे लोक पुढच्या माणसाला बघूनच नाचतात. तिथे थांबण्यापेक्षा उंची कमी करा : उडी जिथे आहे तिथे तुम्ही पाय न उचलता तीच दिशा घ्या, हात मोठे ठेवा. पहिल्या ओळीतल्या दोघा-तिघांना स्टेप पाठ झाली की एका गाण्यापुरतं त्यांना पुढे आणा. आवडीने येतात.

टाचेच्या शिरेचं (अकिलीस टेंडनचं) वर्णन ओळखीचं आहे. सकाळी आखडणं, चालल्यावर सुटणं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, म्हणजे शिरेवर झेपेल त्याहून जास्त भार पडतोय. नुसत्या स्ट्रेचिंगने ती बरी होत नाही, तिला सावकाश भार द्यावा लागतो. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, कठडा धरायचा. दोन्ही पायांनी वर, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन तीन-चार सेकंद मोजत टाच पायरीच्या खाली. पुन्हा दोन्ही पायांनी वर. १५ चे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, १५ चे ३ किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. झेपायला लागलं की पाठीवर सॅक.

पण आधी बोटाने चाचपून बघा. दुखरी जागा टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर असेल तरच असं. अगदी हाडाला चिकटून दुखत असेल तर टाच पायरीखाली न्यायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं, कारण खाली नेल्यावर शीर हाडावर दाबली जाते. करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळचं आखडणं वाढलं असेल तर भार जास्त झाला. "टक्" असा आवाज येऊन चवड्यावर उभंच राहता आलं नाही तर मात्र त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे.

स्टेपच्या बॅचला दोन गोष्टी तपासा. गाण्याचा वेग मिनिटाला ११८ ते १२८ बीट्सच्या वर नको. १४० चं गाणं लावलं की टाच स्टेपवर टेकतच नाही, सगळं चवड्यावर होतं, आणि ते सगळं याच शिरेला भरावं लागतं. आणि स्वतःची स्टेप चार इंचांची ठेवा. इन्स्ट्रक्टरची स्टेप सगळ्यात उंच असावी असा नियम कुठेही नाही.

बूटही बघा. पळायच्या बुटाची टाच जाड आणि बाहेर पसरलेली असते, ती सरळ पुढे जाण्यासाठी. ग्रेपवाईनला किंवा झुंब्याच्या वळणाला त्यात पाय मुरगळतो. बाजूने पकड देणारे क्रॉस ट्रेनिंगचे बूट हवेत, आणि एवढ्या कामाला दोन जोड. एक घामाने ओला असताना दुसरा. जुलै-ऑगस्टमध्ये आतला सोल काढून, वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवले नाहीत तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या ठरलेल्या. सोसायटीच्या हॉलमध्ये कोटा फरशीवर किंवा टाईल्सवर उड्या बंद, खाली सरळ काँक्रीट असतं.

डबा_आणि_डंबेल

वजनाबद्दल. न ठरवता उतरणारं वजन आणि सोबत पाळी लांबत असेल, सतत थंडी वाजत असेल, बारीकसारीक दुखणी बरी होत नसतील, तर खाणं कामाला पुरत नाही. पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टर, "व्यायामाने होतं असं" म्हणून सोडू नका.

तुमच्या वेळापत्रकात खायच्या खिडक्या पाच आहेत. पावणेपाचला दोन वेलची केळी आणि चहा किंवा कॉफी. नुसत्या चहावर दोन बॅच घेणं सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात वाईट. ८ ला, कांदिवलीला निघताना, घरून उकडून आणलेली अंडी. पावणेबाराला घरी पोचलात की लगेच जेवण. "आंघोळ करून, मग बघू" म्हटलं की दोन वाजतात. ४ ला निघायच्या आधी पोहे किंवा चपातीचा रोल. रात्री हलकं पण प्रथिनांचं.

प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास धरा, ५८ किलोला साधारण ८७. ते असे बसतात : ३ अंडी १८, वाटीभर मटकीची उसळ ९-१०, पनीर १०० ग्रॅम १८, दही २०० ग्रॅम ७, फुटाणे ५० ग्रॅम १०, वाटीभर वरण ६, चार चपात्या १२, पेलाभर दूध ६. अंडी चालत नसतील तर पनीर दुप्पट, किंवा सोयाबीनच्या वड्या : कोरड्या ३० ग्रॅममध्ये १५ ग्रॅम येतात. मासे खात असाल तर एक मोठा बांगडा काम करून जातो. फुटाणे डब्यात नको, बॅगेच्या बाहेरच्या खणात. डबा उघडायला गाडीत हात मोकळे नसतात.

पाणी मोजायची सोपी रीत : संध्याकाळच्या बॅचच्या आधी आणि नंतर घाम पुसून वजन करा. एक किलो घटलं म्हणजे अंदाजे एक लिटर गेलं. रात्रीपर्यंत त्याच्या सव्वा ते दीडपट प्यायचं, एकदम नाही. मुंबईच्या दमटपणात घाम सुकत नाही, नुसता निथळतो, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि घाम आणखी येतो. ऑक्टोबर आणि मे मध्ये बॅच सलग असतील तर ओआरएस. एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच घालायची, अर्ध्या बाटलीत नाही. घरी करायचं तर लिटरला चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. ब्लडप्रेशर असेल तर डॉक्टरांना विचारून.

बायका स्टेशनवरच्या स्वच्छतागृहांच्या भीतीने पाणी टाळतात, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी लिहीत नाही. जिममध्ये पोचल्यावर आणि निघण्याच्या तासभर आधी प्या, प्रवासात घोटघोट.

बोरीवली_स्लो

दिवसाची मांडणी. पावणेबारा ते चार हा तुमचा एकमेव सलग वेळ, त्यात झोप आधी. वीस-पंचवीस मिनिटं किंवा थेट दीड तास. पाऊण तासाने उठलं तर डोकं जड. रात्री झोप सहा तासांच्या आत असेल तर दीड तासच.

स्वतःचा व्यायाम आठवड्यात दोन दिवस, पाऊण तास, फक्त ताकदीचा : डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), रो (वजन अंगाकडे ओढणं), ओव्हरहेड प्रेस (डोक्यावर ढकलणं), स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बसणं). तुमच्या कामात उड्या आणि पुढे झुकणं भरपूर आहे, ओढण्याचं काम जवळजवळ शून्य. मंगळवार-शुक्रवार ५ ला दादरला पोचण्याऐवजी ४ ला पोचा आणि तिथेच करा. त्या वेळी चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीला गर्दी बेताची असते.

परतताना थकलेल्या अंगाने विरार फास्टमध्ये चढू नका, बोरीवलीला उतरता येईल याची खात्री नाही. बोरीवली गाडीच धरा, दादरहून सुटणारी मिळाली तर बसायला मिळेल. पंधरा मिनिटं उशीर परवडतो, बॅग डोक्यावर धरून चाळीस मिनिटं एका पायावर उभं राहणं त्या शिरेला परवडत नाही.

कांदिवलीच्या पर्सनलला डंबेल वाहू नका. जड सामान क्लायंटने घ्यायचं, तुमच्या बॅगेत व्यायामाचे रबरी बँड, स्किपिंगची दोरी आणि चटई. बँड पावसाळ्यात चिकट होतात, टाल्कम पावडर लावून ठेवा. वापरण्याआधी ताणून उजेडात बघा, बारीक चीर दिसली तर फेकून द्या, तो तोंडावर तुटतो.

पहाटेची_बॅच

आभार. दोन गोष्टी राहिल्या. ज्येष्ठांच्या बॅचला मी थांबले की तेही थांबतात. आणि याआधीचा हेडसेट घामाने दोन महिन्यांत बंद पडला.

बत्तीस_काउंट

ज्येष्ठांसोबत कराच, त्यात उडी नाही. पण खुर्चीवर बसून करा, तुमचे पाय तेवढेच सुटतात. खुर्ची चाकांची नको, भिंतीला टेकलेली हवी. उठ-बसचे १० चे २ सेट, आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठल्यावर दोन श्वास घेईपर्यंत जागेवर उभं राहायला सांगा, नाहीतर चक्कर येते. मधुमेहींसाठी ग्लुकोज पावडरचा डबा हॉलमध्येच ठेवा : थरथर, गार घाम दिसला की १५ ग्रॅम पाण्यातून, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची. छातीत दुखणं किंवा दम लागून बोलता न येणं याला १०८.

हेडसेट : घाम वायरवरून ओघळून कमरेला लावलेल्या ट्रान्समीटरच्या डब्यात जातो. डबा छोट्या झिपच्या पिशवीत घालून उलटा लावा, वायर वरून न आणता खाली एक वळसा देऊन मग डब्यात न्या, म्हणजे थेंब वळशावरून गळून पडतो. माईकवरचा स्पंज रोज धुवा, चार-पाच जास्तीचे ठेवा. रात्री सेल काढून, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात.