खो देणं म्हणजे काम सोपवणं

'खेळातून शिस्त येते, पण ऑफिसात नेमकं काय कामाला येतं?' असा प्रश्न आहे. शिस्त जाऊ द्या, खो-खोचा एक खो बघा.

आठ जण आपापल्या पाटीवर, म्हणजे मैदानावर आखलेल्या आडव्या पट्टीवर, बसलेले, शेजारचे दोघे विरुद्ध दिशांना तोंड करून. पाठलागावर धावणाऱ्याने मागून बसलेल्याच्या पाठीला हात लावायचा आणि मोठ्याने 'खो' म्हणायचं. बसलेल्याने त्याआधी हलायचं नाही. नवखी मुलं इथेच चुकतात: आधी ओरडतात, हात मग लागतो, किंवा बसलेला अंदाजाने अगोदरच उठतो. फाऊल! पंच धावणाऱ्याला उलट दिशेला पाठवतात, तोवर पळणारा निवांत. काम नीट न सोपवता 'मी सांगितलं होतं' म्हणणारे ऑफिसात भेटतातच की.

दुसरी चूक हावरेपणाची. गडी आपणच बाद करायचा म्हणून दम संपेपर्यंत पळायचं आणि खो द्यायचाच नाही. यावर उपाय सोपा: सरावात तीन-चार पाट्या ओलांडल्या की खो सक्तीचा करा.

संरक्षणाला, म्हणजे बाद न होता पळायला, तिघा-तिघांच्या तुकड्या उतरतात. क्रम मुलांनाच ठरवू द्या, आणि गुणपत्रकही त्यांनाच भरू द्या. कोण किती मिनिटं-सेकंद टिकला ते लिहिलं की 'मी चांगला खेळलो' हा वाद उरत नाही. मोठ्या गटात पाठलागाची पाळी 9 मिनिटांची, पण आठवी-नववीच्या नव्या मुलांना सुरुवातीला 5 पुरेत. दमलेलं मूल फाऊलच जास्त करतं.

आणि पालकांनी मैदानाबाहेरून 'खो दे, खो दे' ओरडू नये. तो निर्णय धावणाऱ्याचा आहे.