मदत हवी आहे: पालघाट खिंडीपलीकडचा पक्षी वेगळी जात, हे मुलांना कसं पटवू?

नमस्कार मंडळी. मी दहावीला विज्ञान शिकवते. उत्क्रांतीच्या धड्याला यंदा गॅलापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांऐवजी आपल्या पश्चिम घाटातलं उदाहरण घेतलं आणि अडकले.

केरळ-तमिळनाडू सीमेवरची पालघाटची खिंड साधारण 30-40 किलोमीटर रुंद. तिच्या उत्तरेला नीलगिरी ब्लू रॉबिन, कुशीला तांबूस. दक्षिणेला व्हाइट-बेलीड ब्लू रॉबिन, छाती निळसर राखाडी, पोट पांढरं. दोघेही उंचावरच्या गार शोला जंगलात, झुडपांच्या सावलीत जमिनीलगत वावरणारे. मधला सखल, उष्ण पट्टा त्यांच्यासाठी समुद्रच. येणं-जाणं तुटलं, दोन्हीकडे वेगवेगळे जनुकीय बदल साठत गेले, इथवर मुलांना पटलं. 2017 साली या पक्ष्यांसाठी शोलिकोला ही नवी प्रजाती (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली गेली, हेही सांगितलं.

मग मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "बाई, आपसात प्रजनन करतात ते एका जातीचे, असं तुम्हीच फळ्यावर लिहिलंय. हे तर भेटतच नाहीत. मग भेटले तर पिल्लं होणार नाहीत, हे कुणी बघितलं?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि "डीएनएवरून कळतं" एवढ्यावर तिची बोळवण करणं मला पटत नाही. डीएनएत किती फरक पडला की वेगळी जात म्हणायची? एका बाजूच्या पक्ष्याला दुसऱ्या बाजूचं गाणं ऐकवून तो ओळखतो का, हे पाहतात; तसं प्रत्यक्ष केलेलं कुणी इथे आहे का? दोघांच्या गाण्यांची रेकॉर्डिंग असतील तर कृपया द्या, वर्गात ऐकवीन. शुक्रवारी पुन्हा त्याच वर्गावर तास आहे.